फक्त ऑनलाइन गेममध्ये भेटलेल्या माणसाबद्दल वाटणारी जवळीक खरी असते का?

हो, भावना खरीच असते, पण ज्याच्याबद्दल वाटते तो माणूस अर्धा तुम्हीच मनात रचलेला असतो. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये हेच मांडलं, की टाइप करून बोलताना आपण खोडून खोडून आपली चांगली बाजूच पाठवतो आणि उरलेल्या जागा समोरचा स्वतःच्या मनाने भरतो, त्यामुळे ओढ समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जास्त वाटू शकते. मी सांगलीत कॉलेजच्या मुलांचं समुपदेशन करते, तिथं हे सारखं दिसतं, रात्री दोनला गेमच्या चॅटवर घरातली भांडणं सगळी सांगणारा मुलगा त्याच मैत्रिणीला विश्रामबागला चहाला भेटला की मान वर करत नाही, आणि तो दोन्हीपैकी कुठंच खोटा नसतो. फक्त एकदाही व्हिडिओ कॉलवर न येता कुणी पैसे मागत असेल तर यातलं काही लागू नाही, तिथं लगेच थांबा.