घर फ्रीहोल्ड, पण मागची पट्टी ‘पझेसरी’. घ्यावं का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही इंग्लंडमधे स्लाउला असतो, तिथेच एक थ्री बेडरूम घर घ्यायचं चाललंय. घर फ्रीहोल्ड आहे, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं, पण सॉलिसिटर (आमची वकील) म्हणाली की बागेच्या टोकाची पट्टी, जिथे शेड उभी आहे, तिचा टायटल नंबर वेगळा आहे आणि टायटल पझेसरी आहे, नोंद २०१७ ची. साताऱ्याला सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले ही वर्ग दोनची भानगड, हात लावू नका. काय करावं?

उत्तर: सासरे काळजीने बोलले, पण इथे गल्लत होतेय. आपल्याकडे भोगवटादार वर्ग २ म्हणजे जमीन तुमच्याकडेच असते, फक्त विकायची तर सरकारची परवानगी लागते. मालकी किती पक्की हा मुद्दाच तिथे नसतो. इंग्लंड-वेल्समधले क्लास मात्र नेमके त्याचेच आहेत. २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन कायद्यात फ्रीहोल्डला तीन दर्जे आहेत, ॲबसोल्यूट, क्वालिफाइड आणि पझेसरी. बहुतेक घरं ॲबसोल्यूट, म्हणजे पूर्ण पक्क्या मालकीची असतात, आणि क्वालिफाइड इतकं दुर्मिळ की तुमच्या वाट्याला येणारही नाही, सोडून द्या.

पझेसरी कधी देतात? कागद हरवलेत किंवा मुळात नव्हतेच आणि माणूस वर्षानुवर्षं ती जागा वापरतोय, कुंपण घालून बसलाय, असं शपथेवर लिहून देतो तेव्हा. लँड रजिस्ट्री म्हणते ठीक आहे, नोंदवतो, पण पहिल्या नोंदणीच्या आधीचा कोणाचा हक्क निघाला तर त्याची हमी आम्ही घेणार नाही. त्या दिवसापासून पुढची घेतात. आपला सातबारा, फेरफार मुळात महसुली नोंद, त्यावर सरकार मालकीची हमी देत नाही, म्हणून हे पझेसरी ऐकायला वाटतं तेवढं वाईट नाहीये असं माझं मत.

आता लँड रजिस्ट्रीतून त्या पट्टीच्या रजिस्टरची प्रत काढा. ए भागात जागेचं वर्णन, बी मधे मालक, सी मधे कर्ज वगैरे. बी च्या सुरुवातीलाच टायटलचा क्लास लिहिलेला असतो. पझेसरी म्हणून १२ वर्षं नोंद राहिली आणि जागा मालकाच्या ताब्यात असली की यूटी१ फॉर्म भरून ॲबसोल्यूट करून मागता येतं. मधे मालक बदलला तरी वर्षं नव्याने मोजत नाहीत, म्हणजे तुमची २०२९ ला भरतात, फक्त तोवर कोणाचा दावा पेंडिंग नको. जुने कागद सापडले तर आधीही होतं.

तोपर्यंत इन्डेम्निटी इन्शुरन्स घ्या, म्हणजे उद्या कोणी पट्टीवर हक्क सांगितला तर नुकसान भरून देणारा विमा, एकदाच प्रीमियम भरायचा, आणि तो विकणाऱ्याने भरावा असं सॉलिसिटरला सांगा. मॉर्गेजवाली बँकही बहुधा मागेलच. एक मात्र करू नका, उत्साहात शेजाऱ्याला किंवा कौन्सिलला जाऊन ‘ही पट्टी कोणाची हो?’ असं विचारू नका, तसं केलंत तर कंपन्या पॉलिसी द्यायला नकार देतात.

मी असतो तर घर घेतलं असतं, पण २०२९ पर्यंत त्या पट्टीवर गार्डन रूम वगैरे बांधून पैसे ओतले नसते. शेड राहू दे, कुंपण मात्र नीट ठेवा आणि त्याचे तारखेसकट फोटो काढत जा, ताबा दाखवायची वेळ आली की तेच कामाला येतात.