युरिन कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस का लागतात? लवकर कळेल असं काही नवीन आलंय का?

मी लॅबमध्ये कल्चरच्याच टेबलवर असते, त्यामुळे "मॅडम रिपोर्ट झाला का" हा फोन रोजचाच. उशीर आम्ही करत नाही हो, जंतू वाढायला वेळ घेतात. तुमची लघवी लूपने, म्हणजे छोट्या कडीच्या तारेने, जंतूंचं खाणं भरलेल्या प्लेटवर ओढायची, 37 डिग्रीला रात्रभर ठेवायची, सकाळी मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर गुलाबी ठिपके दिसले की बहुतेक ई. कोलाय, लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू. मग त्यातलाच ठिपका उचलून दुसऱ्या प्लेटवर पसरायचा, वर अँटिबायोटिकच्या इवल्याशा कागदी चकत्या ठेवायच्या आणि परत एक रात्र. चकतीभोवती मोकळं रिंगण पडलं तर ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, जंतू अगदी चकतीला चिकटून वाढले असतील तर ते औषध गेलं कामातून.

नवीन बरंच आलंय. माल्डी-टॉफ नावाचं मशीन लेझर मारून मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, पण त्यालाही आधी वाढलेला ठिपका लागतोच, म्हणजे पहिली रात्र काही चुकत नाही. टीबीत मात्र खरा फरक पडला, कारण टीबीचं कल्चर म्हणजे काही आठवडे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं, थुंकीत थेट जंतूचा डीएनए शोधतं, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही तेही त्याच दिवशी कळतं. 2020 मध्ये डब्ल्यूएचओनेही त्याला मान्यता दिली.

पण जीन शोधणारी टेस्ट आपण जे विचारू तेवढंच सांगते. लघवीत कुठलं औषध लागू पडेल हे जिवंत जंतूवरच बघावं लागतं, आणि इथे स्वीडनवाल्यांनी भारी डोकं लावलंय. प्लेटवर ठिपका डोळ्याला दिसायला लाखो जंतू जमावे लागतात, त्यांचं पीए-100 मशीन बारीक नळ्यांत जंतू अडकवून कॅमेऱ्याने त्यांच्यावरच नजर ठेवतं, ई. कोलाय तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, मग औषधात तो वाढतोय की थांबलाय हे लगेच दिसतं. इन्फेक्शन आहे का ते 15 मिनिटांत, पाचपैकी कुठलं औषध चालेल ते पाऊण तासाच्या आत. 2024 मध्ये त्याला 80 लाख पौंडांचं लाँजिट्यूड प्राइझ मिळालं. आमच्याकडे अजून चकत्या आणि पट्टीच आहे.

आणि प्लीज, सँपल पहिल्या गोळीच्या आधी द्या. परवा एकजण तीन डोस घेऊन बाटली घेऊन आले, औषधाने जंतू दबलेले, म्हणून प्लेट कोरी आणि त्यांची जळजळ तशीच.