‘काय व्हायचंय?’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा

पत्र : ‘माझी मुलगी अंबाजोगाईत बारावी सायन्सला आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही विषय घेतलेत. दहावीला ९१ टक्के होते. मैत्रिणींचं सगळं ठरलंय. हिला विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी आणि नाहीच जमलं तर लातूरला एक वर्ष रिपीट करावं. आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. तिची कल चाचणी करून घ्यावी का?’ – एक आई

ताई, नमस्कार.

सतराव्या वर्षी ‘माहीत नाही’ हे बहुतेक वेळा अगदी खरं उत्तर असतं. या वयाच्या मुलांनी जवळून पाहिलेली कामं असतात तरी किती? शाळेतले शिक्षक, गावातले डॉक्टर, बँकेतले साहेब. जे पाहिलंच नाही त्यातून ती निवड कशी करणार? म्हणून महिनाभर घरात कोणीही तिला हा प्रश्न विचारू नका. तेवढ्यात तिला कामं बघू द्या.

दिवाळीच्या सुट्टीतले चार अर्धे दिवस पुरतील. तुमच्या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. शिवाय ओळखीतून एखादी पॅथॉलॉजी लॅब आणि चालू बांधकामाची साइट मिळेल. लॅबमध्ये सकाळी नमुने येण्याच्या वेळीच जावं. जांभळ्या टोपणाची नळी रक्तपेशींच्या मोजणीसाठी, लाल टोपणाची सीरमसाठी. रक्त घेतल्या घेतल्या नळीवर नाव लागलं पाहिजे, नाहीतर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जातो. हे सांभाळणारे टेक्निशियन डॉक्टर नसतात, पण त्यांच्याशिवाय डॉक्टरांचं पान हलत नाही. साइटवर जायचं तर स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी. सळयांमधलं अंतर टेपनं मोजून ड्रॉइंगशी ताडून बघणारा इंजिनिअर तिला दिसेल.

तिथल्या माणसांना तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. कालचा दिवस सकाळपासून कसा गेला? या कामात कशाचा कंटाळा येतो? शिक्षण संपल्यावर पहिला पगार किती होता? ‘हे क्षेत्र कसं आहे?’ असं विचारलं की लोक भाषण देतात. घरी आल्यावर अर्धं पान लिहायचं : कुठे वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कुठे घड्याळ बघितलं. चार भेटींनंतर ‘हे नक्की नको’ अशी एक-दोन नावं निघतात. सुरुवातीला तेवढंही पुष्कळ आहे.

कल चाचणी करायची तर त्यानंतर करा, आणि समुपदेशक निकालावर तिच्याशी तासभर बोलणार असेल तरच. नुसता छापील अहवाल घेऊन काही हाती लागत नाही. चाचणी क्षमतेचा अंदाज देते. तिनं न पाहिलेल्या कामाची आवड त्यातून कळत नाही. जिथे चाचणी घेणारेच प्रवेशही ‘करून देतात’, तिथे जाऊच नका.

दोन्ही विषय घेतल्यामुळे तिचे रस्ते मोकळे आहेत, ते तसेच ठेवा. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) हे दोन्ही गट तिला देता येतील. बीएस्सी ॲग्री आणि फार्मसीला दोन्हींतला कोणताही चालतो, इंजिनिअरिंगला पीसीएम लागतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये एक गुण जातो; म्हणून सराव वेगवेगळा करावा. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष झालं, तर पात्रतेचे किमान टक्के अडतात. असे प्रवेश दरवर्षी हुकतात.

रिपीटबद्दल बाबांशी आत्ताच बोला. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय रागात किंवा रडण्यात होतो. मला विचाराल तर, मुलीला स्वतःला डॉक्टरच व्हायचं असेल आणि काही धड्यांची तयारी अर्धवट राहिल्यामुळे गुण कमी पडले असतील, तरच वर्ष द्यावं. वर्षभर मन लावून अभ्यास करूनही अंतर मोठं राहिलं, तर तोच अभ्यास पुन्हा करून ते फारसं मिटत नाही. आणि इच्छा बाबांची, वर्ष मुलीचं, असं तर अजिबात होऊ देऊ नका.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, कागदपत्रं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत याच आठवड्यात करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सर्वांत उपयोगी. ते शाळेत गेलेले नसतील तर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद शोधा. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, इथेच प्रकरणं अडकतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत हवी. ती तारीख वाचल्याशिवाय तहसीलमधून हलू नका.

२०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च धरून ठेवा. कॅपमध्ये पसंतीक्रम खऱ्या आवडीनंच भरा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही.

सगळे फॉर्म तिनं स्वतः भरावेत, तिच्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर. कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ऐन प्रवेशाच्या दिवशी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि त्याचं दुकान बंद असतं. तिच्या नावाचं बँक खाते आधारशी जोडलंय का, तेही तिलाच बँकेत जाऊन विचारू द्या. पुढच्या वर्षी परगावी तिला हे सगळं एकटीनंच करायचं आहे.