शरदातलं जड मन, कोरडा खोकला आणि नाशपातीचं सूप : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात चिनी वैद्यकाबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतेय. पहिल्याला जागा जास्त दिलीय, ते पत्र वाचून मीच बराच वेळ गप्प बसले होते.

प्रश्न : ताई, मी टोरांटोत राहते, वय ४८. गेल्या ऑक्टोबरमध्ये नाशिकला आई गेली, मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. यंदा इथे पानं लाल व्हायला लागली आणि मला परत तसंच व्हायला लागलंय, छाती भरल्यासारखी वाटते, कोरडा खोकला, दिवसभर सुस्कारे, संध्याकाळी तर लाइट लावायचीही इच्छा होत नाही. शेजारी एक वयस्कर चिनी बाई आहेत, सगळे त्यांना आयी म्हणतात, त्या दर दोन दिवसांनी नाशपातीचं गोड सूप आणून देतात आणि म्हणतात तुझं फुफ्फुस दुःखात आहे. नवरा म्हणतो असलं काही नसतं. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : ताई, आधी त्या आयींना माझा नमस्कार सांगा. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी. मी बीजिंगला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रस्त्यात कुणीतरी मागून "आयीऽ" अशी हाक मारली आणि माझ्या पोटात कसं झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता तथ्याचं. चिनी वैद्यकातलं 'फेई' म्हणजे एक्स-रेमध्ये दिसतं तेवढंच फुफ्फुस नाही. त्यात श्वास आला, नाक आलं, त्वचा आली, आवाज आला आणि शोकही आला. त्यांच्या पाच तत्त्वांच्या (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) मांडणीत शरद ऋतू धातू तत्त्वाचा, त्याचं इंद्रिय फुफ्फुस, जोडीला मोठं आतडं, आणि या ऋतूचा त्रास म्हणजे कोरडेपणा, त्याला ते 'त्साओ' म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेइचिंग' या ग्रंथात म्हटलंय की रागाने 'ची' म्हणजे अंगातली प्राणशक्ती वर चढते, भीतीने खाली जाते आणि शोकाने ती विरून जाते. तुम्ही लिहिलंय ना, लाइट लावायचीही इच्छा नाही, तर हे विरून जाणं म्हणजे तेच. आणि खरं सांगू का, आपल्या भाषेलाही हे कुठेतरी माहीत आहे, आपणही उर भरून आला म्हणतो, सुस्कारा टाकतो, धाय मोकलून रडतो. दुःख छातीत असतं आणि ते मोकलायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून नवऱ्याला सांगा की मशीनवर मोजता येईल असं 'दुःखी फुफ्फुस' नाहीच, पण बाईंनी तुमचं जे ओळखलंय ते अगदी बरोबर ओळखलंय.

तुम्ही रडलात का हो? पत्रात कुठेच तसं नाही. पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं एवढंच आहे. चिनी वैद्यकाच्या हिशोबाने शोक हा आजार नाही, तो अडकून राहिला की त्रास. फुफ्फुसाची जोडी मोठ्या आतड्याशी लावलीय ती उगाच नाही, एकाने घ्यायचं आणि दुसऱ्याने सोडायचं. उत्तर चीनमध्ये दहाव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी 'हान-यी' करतात, म्हणजे थंडीचे कपडे, घरची मंडळी कागदाचे कपडे करून गेलेल्यांच्या नावाने जाळतात, हिवाळा येतोय आणि त्यांना तिकडे थंडी वाजू नये म्हणून. आपण पितृपक्षात पान वाढतो तसंच. तुमच्या आईंच्या नावाने तुम्हाला काहीच करता आलं नाही, तर यंदा करा, त्यांच्या आवडीचं करून आयींना वाढा, एखादी नवी शाल घेऊन कुणा गरजू म्हातारीला द्या, आणि ते करताना रडू आलं तर येऊ द्या, थांबवू नका.

रोजचं म्हणाल तर त्याच ग्रंथात शरदाचे तीन महिने कसे राहायचे ते दिलंय : लवकर झोपायचं, कोंबड्यासोबत उठायचं, मन शांत ठेवायचं, आपलं बळ बाहेर उधळायचं नाही, आत गोळा करायचं. म्हणजे ज्या संध्याकाळी कुणाकडे जावंसं वाटत नाही त्या संध्याकाळी स्वतःला ओढत नेऊ नका. पण सकाळ मात्र सोडू नका. उठल्यावर अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. यात मी आधुनिक डॉक्टरांचं मतही जोडते, कारण ऋतूनुसार येणारं डिप्रेशन असतं, १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल यांनी त्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, आणि त्यावर सकाळचा उजेड हा खरोखरचा उपाय आहे. तुमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाच वाजताच अंधार पडायला लागेल, तेव्हा डॉक्टरांना विचारून १०,००० लक्सचा, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा दिवा सकाळी २० ते ३० मिनिटं वापरता येतो.

एक श्वासाचा प्रकार सांगते, हा सहा ध्वनींच्या फार जुन्या पद्धतीतला आहे. ताठ बसा, नाकाने श्वास घ्या आणि दातांमधून हळू 'स्स्स' करत सोडा, सोडणं हे घेण्याच्या जवळपास दुप्पट लांब, खांदे खाली. सहा वेळा, सकाळ संध्याकाळ. मी माझ्या बाबांच्या नंतर हे केलंय, तिसऱ्या चौथ्या श्वासाला हुंदका येतो, आणि तो येतो तेव्हा बरंच वाटतं.

सूप घ्या, नक्की घ्या. एक नाशपाती, बिया काढून, मूठभर भिजवलेली 'यिन-अर' म्हणजे खायची पांढरी बुरशी, अळंबीसारखी, थोडे लिलीच्या कंदाचे तुकडे आणि खडीसाखर (हो, आपलीच खडीसाखर), मंद आचेवर तासभर, चिकट होईपर्यंत. बीजिंगमध्ये याच नाशपातीचा दाट पाक करून बाटलीत भरतात, त्याला चिऊ-ली-काओ म्हणतात. पण पांढरी बुरशी रात्रभर किंवा दोन दोन दिवस भिजत ठेवायची नाही, दोन तास पुरे, कारण जास्त वेळ राहिली तर त्यात असं विष तयार होऊ शकतं जे उकळूनही जात नाही, चीनमध्ये त्याने माणसं दगावलीयत. भिजवून राहिलेली सरळ टाकून द्या. शुगर असेल तर खडीसाखर नको. आणि पोट नाजूक असेल तर नाशपाती शिजवूनच, कच्ची नाही, ती थंड गुणाची.

आता जे मला ठामपणे सांगायचंय ते. खोकला तीन आठवड्यांच्या वर असेल तर डॉक्टरांकडे जाऊन छाती तपासून घ्या. बीपीची गोळी चालू असेल आणि तिच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल तर नुसत्या त्या गोळीनेही कोरडा खोकला येतो, आणि मग कितीही सूप प्यायलात तरी तो जात नाही. आणि सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप भूक उडाली असेल, तर ते ऋतूवर ढकलू नका, डॉक्टरशी बोला. जगायलाच नको असं मनात आलं तर त्याच क्षणी ९८८ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा, कॅनडात तो चोवीस तास चालू असतो. भारतातल्या वाचकांसाठी टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

पुढच्या महिन्यात मला परत लिहा, वाट बघेन.

प्रश्न : ताई, व्हिडिओत बघितलं की शरदात चिनी लोक पांढरं खातात आणि फुफ्फुसाची चव तिखट आहे म्हणून आलं लसूण वाढवायचं. मी पुण्यात, ऑक्टोबर हीट चालूय, मला मुळात पित्त. खाऊ का?

उत्तर : आलं लसूण वाढवू नका. तिखट चव फुफ्फुसाची हे बरोबर आहे पण म्हणूनच शरदात ती कमी करून आंबट थोडी वाढवा असं तिकडचे वैद्य सांगतात, कारण तिखटाने घाम सुटतो आणि कोरड वाढते. व्हिडिओवाल्याने अर्धंच वाचलं. शिवाय त्यांचा शरद कॅलेंडरवर ७-८ ऑगस्टलाच सुरू होतो, तेव्हाच्या परतलेल्या उकाड्याला ते 'शरदातला वाघ' म्हणतात, आपली ऑक्टोबर हीट म्हणजे तोच वाघ. त्यांच्यात कोरडेपणाही दोन जातीचा मानतात, गरम आणि थंड. तुमचा गरम. तेव्हा नाशपाती, काकडी, दूध, भिजवलेले बदाम चालतील, आणि आपला आयुर्वेदही शरदात पित्त भडकतं म्हणून गोड, कडू, तुरट खा असंच सांगतो, त्यामुळे इथे दोघांचं भांडण नाही. चिनी औषधांच्या गोळ्या मात्र ऑनलाइन मागवू नका. काही वनस्पतींमधल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडने १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, वजन कमी करायची औषधं म्हणून घेतली होती. सूप वेगळं, औषध वेगळं.

प्रश्न : आम्ही शांघायला. सासूबाई आल्यात, त्या तीन वर्षांच्या मुलाला ऑक्टोबरपासूनच स्वेटर, टोपी, मोजे सगळं घालतात आणि कामाला येणारी आयी ते काढून टाकते, म्हणते शरदात थोडं गारच राहायचं असतं. रोज घरात यावरून कुरबूर. कोण बरोबर?

उत्तर : तुमची आयी सांगतेय ती जुनी म्हण आहे, वसंतात झाका आणि शरदात गार राहा. त्यामागचा त्यांचा विचार असा की गरम कपडे घाईने चढवले की घाम येतो, घामावर वारा लागतो आणि मूल आजारी पडतं, शिवाय शरीराला थंडीची हळूहळू सवय होत नाही. पण दुसरीही एक म्हण आहे जी आयीलाही नक्की माहीत असणार : 'बाय-लू' म्हणजे पांढरं दव, ८ सप्टेंबरच्या आसपास, तेव्हापासून अंग उघडं ठेवू नका, आणि 'हान-लू' म्हणजे थंड दव, ८ ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हापासून पाय उघडे ठेवू नका. म्हणजे मोजे सासूबाईंचे बरोबर, टोपी दुपारी नको. स्वेटर मुलाच्या मानेला मागून हात लावून ठरवा, घामट लागली तर काढा, गार लागली तर घाला. पोट मात्र झाकलेलंच ठेवा, यावर दोघींचं एकमत होईल.