वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावात नेत्रशिबिर भरवावं की लहान मुलांच्या डोळ्यांसाठी देणगी द्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं, त्यांच्या वर्षश्राद्धानिमित्त ५०,००० रुपये बाजूला काढलेत, आणि गावाकडे शिबिर भरवावं की पुण्यातल्या संस्थेला मुलांसाठी द्यावेत हे ठरत नाही. मी सरळ सांगते. मुलांसाठी द्या, आणि देताना ते ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या खर्चासाठी आहेत असं लिहून द्या.

म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूला देणारे पुष्कळ असतात. एका दिवसात ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, माणूस सुनेचा चेहरा ओळखतो. मुलाच्या जन्मजात मोतीबिंदूचं काम ऑपरेशननंतर खरं सुरू होतं. पूर्ण भूल द्यावी लागते, डोळा वाढेल तसा चष्म्याचा नंबर बदलतो, आणि अधू डोळा वापरात यावा म्हणून चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकावा लागतो. तसं केलं नाही तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेलं चित्र घेणंच सोडतो. यालाच आळशी डोळा म्हणतात, आणि मूल सात-आठ वर्षांचं झालं की तो सुधारणं फार अवघड होतं.

मी शिक्षिका होते, निवृत्तीनंतर शाळांमधल्या डोळ्यांच्या तपासण्यांना मदतीला जाते. वेल्ह्याकडची एक दुसरीतली मुलगी ऑपरेशन होऊनही फळ्यावरचं वाचेना. चष्म्याची काडी तुटली होती, आईने तिथे काळा दोरा बांधून तो कानामागे अडकवला होता. काचही जुन्याच नंबरची. पुन्हा दाखवायला आणायचं म्हणजे एसटीने स्वारगेट, तिथून सिटी बस, दोघींचं भाडं आणि आईची त्या दिवसाची मजुरी बुडणार. ऑपरेशन फुकट झालं होतं. अडलं होतं ते चष्मा आणि एसटीच्या तिकिटापाशी.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली. माझा नातू ३० व्या आठवड्यात जन्मला, वजन १३०० ग्रॅम. काचेच्या पेटीतून बाहेर आला, २४ व्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा होत्या, डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. शेजारच्या घरी एक नर्स राहते, तिने बाळाला बघताच विचारलं, ‘‘मावशी, पडदा तपासला का?’’ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यामागचा पडदा (रेटिना) जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा, हे मला तोवर माहीत नव्हतं. अशा बाळाच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पुढे काही बाळांत त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात आणि तो सुटतो, मग फारसा उपाय उरत नाही. आम्ही २८ व्या दिवशी पोहोचलो. औषधाचे थेंब घातले, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधून पाहिलं आणि दहा दिवसांनी परत बोलावलं. त्या दुसऱ्या वेळी लगेच लेझर करावं लागलं. आज तो चौथीत आहे, चष्मा लावून क्रिकेट खेळतो. त्या बाईंनी विचारलं नसतं तर काय, हा विचार मला अजून सहन होत नाही.

म्हणून संस्थेत गेलात की किती ऑपरेशनं केली हे विचारूच नका. गेल्या वर्षी ऑपरेशन झालेली किती मुलं सहा महिन्यांनी परत आली, ते विचारा. न आलेल्यांना फोन कोण करतं, प्रवासखर्च मिळतो का, कमी दिवसांच्या बाळांसाठी त्यांचे डॉक्टर इतर दवाखान्यांत जाऊन पडदा तपासतात का, हेही विचारा. जिथे हे आकडे लगेच दाखवतील तिथे द्या. सुरुवात महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयापासून करा. ते पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन चालवते आणि तिथे मुलांच्या डोळ्यांचा वेगळा विभाग आहे.

गावासाठी काही करायचंच असेल तर मंडप-बॅनरवर खर्च नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांच्या तपासणीला येतं. त्यांनी पुढे पाठवलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या आणि त्या मुलांना एक गाडी करून दवाखान्यात न्या. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसणारं मूल असेल तर त्याला यादीची वाट न पाहता त्याच आठवड्यात न्या. तो मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो.

पावती तुमच्या नावाने आणि तुमच्या पॅनवर घ्या, ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ हे सोबतच्या पत्रात लिहा. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, २००० रुपयांच्या वर रोख दिल्यास करसवलत मिळत नाही. आणि त्या पत्रातच ‘चष्मे, प्रवास व पुनर्तपासणीसाठी’ असं स्पष्ट लिहा.