पुस्तकातल्या माणसावर जीव जडतो, त्याला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : ‘एका कादंबरीतल्या नायकावर गेली चार वर्षं माझं प्रेम आहे. “मी एका पात्राच्या प्रेमात पडले आहे” असं म्हटलं की ऐकणारे हसतात, आणि मलाही ते वाक्य परकं वाटतं. याला मराठीत नेमका शब्द आहे का? शिवाय कुणीतरी प्रत्यक्ष भेटावं असंही फार वाटतं. त्याला “खऱ्या प्रेमाची ओढ” म्हणावं की “आस”?’

वाक्य परकं वाटतं, ते तुमच्या कानाला बरोबर कळलं आहे. ‘प्रेमात पडणे’ हे इंग्रजी वळणाचं आहे. आता ते इतकं रुळलं आहे की त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही, पण तुमच्या कामाला ते पुरत नाही, कारण कोण पडलं एवढंच ते सांगतं. समोर कुणी आहे की नाही, त्यालाही काही वाटतं की नाही, हे त्यातून कळत नाही. मराठीची जुनी क्रियापदं हे सांगतात.

माझी आत्या सांगलीच्या एका वाचनालयातून एकच पुस्तक पुन्हा पुन्हा आणायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाचं बघायला लागल्यावर आजीने तिला रीतसर विचारलं, ‘तुझ्या मनात कुणी आहे का?’ ती गप्प बसली. पुढे पंचाहत्तरी उलटल्यावर तिने मला सांगितलं, ‘जीव जडला होता गं माझा त्या पुस्तकातल्या माणसावर. आईला काय सांगणार? मग तुझ्या आतोबांशी जुळलं, आणि चांगलं जुळलं.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते आत्याच्या या बोलण्यातच आहे. जीव जडतो, मन जुळतं. ‘जुळणे’ला किमान दोन लागतात : सूर जुळतात, पत्रिका जुळते, लग्न जुळतं, एकावेळी जन्मलेली दोन मुलं जुळी असतात. ‘जडणे’ला दुसऱ्या बाजूची संमती लागत नाही. सवय जडते, खोड जडते, व्याधी जडते. तेच क्रियापद दागिन्यांतही आहे, जडावाची कुडी, हिरेजडित अंगठी. म्हणजे एकीकडे आजार आणि एकीकडे रत्न, दोन्हींना तेच. ज्याचा जीव असा जडला आहे त्याला या दोन्ही छटा ओळखीच्या वाटतील.

नामाच्या पुढे काय लागतं तेही बघा. जीव ‘त्याच्यावर’ जडतो, मन ‘त्याच्याशी’ जुळतं. आत्याला व्याकरण शिकवायला कुणी बसलं नव्हतं, तरी तिने पुस्तकातल्या माणसाला ‘वर’ लावलं आणि आतोबांना ‘शी’. बोलणं कुणाशी, भांडण कुणाशी, गाठ कुणाशी. जिथे पलीकडून उत्तर येऊ शकतं तिथे बहुतेकदा ‘शी’ येतो. पुस्तकातल्या माणसाकडून उत्तर येत नाही, आणि ‘वर’ ते प्रामाणिकपणे मान्य करतो. आणखी एक गोष्ट, ‘माझा जीव जडला’ या वाक्यात कर्ता जीव आहे, मी नाही. मी ठरवून काही केलेलं नाही. मला हा या वाक्प्रचाराचा सर्वांत समजूतदार भाग वाटतो, कारण हसणारे लोक नेमकं हेच विसरतात.

मग ‘एकतर्फी प्रेम’ का नको, असं कुणी विचारेल. अर्थाने ते जवळचं आहे. ‘तर्फ’ म्हणजे बाजू, अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. पण वर्तमानपत्रांनी ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द खराब करून टाकला. ‘एकतर्फी प्रेमातून’ या शब्दांनंतर ‘हल्ला’ किंवा ‘खून’ येतो याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की एखाद्या मुलीच्या निरुपद्रवी, हळव्या भावनेला तो शब्द चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं. मानसशास्त्रातून आलेला ‘पॅरासोशल’ही हल्ली ऐकू येतो, म्हणजे आपल्याला ओळखतही नसलेल्या माणसाशी एका बाजूने वाटणारं नातं. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तो वापरला, तो मुख्यतः रेडिओ-टीव्हीवरून थेट प्रेक्षकांशी बोलणाऱ्या माणसांसंदर्भात. अभ्यासाला चांगला, मनातलं सांगायला निरुपयोगी.

संस्कृत काव्यशास्त्राने मात्र या मुलखात बराच प्रवास केला आहे. भेट होण्याआधीच्या प्रेमाला तिथे ‘पूर्वराग’ म्हणतात. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त तो विप्रलंभ शृंगाराच्या, म्हणजे भेट नसलेल्या प्रेमाच्या, चार प्रकारांपैकी पहिला. हा राग जागतो कशाने, तर ऐकून किंवा पाहून. ऐकायचं दूताच्या, भाटाच्या, सखीच्या तोंडून. आणि पाहायचं प्रत्यक्ष, स्वप्नात, चित्रात किंवा इंद्रजालात! गारुड्याच्या मायेत दिसलेल्या माणसावर मन बसू शकतं हे त्या पंडिताने शांतपणे यादीत लिहून ठेवलं आहे. त्याला आज सिनेमाचा पडदा दाखवला असता तर यादीत वेगळं काही घालावं लागलं नसतं.

उदाहरणं आपल्याला घरबसल्या माहीत असतात. दमयंतीने नळाविषयी हंसाकडून ऐकलं. बाणासुराच्या मुलीला, उषेला, स्वप्नात एक पुरुष दिसला, नाव नाही, गाव नाही. तिची सखी चित्रलेखा एकेक चेहरा रेखाटत गेली, देव, गंधर्व, मग माणसं, आणि कृष्णाच्या नातवाचं, अनिरुद्धाचं, चित्र आल्यावर उषेने लाजून मान खाली घातली आणि म्हणाली, हाच तो, हाच. आज कादंबरीतल्या माणसाला आपण ‘व्यक्तिरेखा’ म्हणतो तेव्हा त्यातल्या ‘रेखे’कडे आपलं लक्ष जात नाही. मला तो शब्द उच्चारताना चित्रलेखेचा हात दिसतो. (‘पात्र’ हा दुसरा शब्दही साधा नाही : भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र आणि ‘कौतुकास पात्र’मधली योग्यता, एवढं सगळं त्यात आहे.)

पण ‘पूर्वराग’ तुम्हाला सुचवावा का? नाही. विश्वनाथाच्या व्याख्येत ‘मिथः’ असा एक शब्द आहे, म्हणजे परस्परांत. नळालाही दमयंती हवी होती. उषा जागी झाल्यावर जो भेटला तो द्वारकेत खरोखरच होता. पूर्वरागाच्या पुढे भेटीची शक्यता असते, म्हणून तो ‘पूर्व’. दोघांपैकी एकाच्याच मनात असलेल्या रतीला, म्हणजे प्रेमभावाला, हे शास्त्र ‘अनुभयनिष्ठ’ म्हणतं आणि तिचं चित्रण रसाभासात, म्हणजे खरा रस नव्हे तर त्याचा आभास अशा वर्गात, टाकतं. काव्याची प्रतवारी लावताना ते ठीक असेल. माणसाला वाटणाऱ्या गोष्टीला आभास म्हणायला मी तयार नाही. भावना ज्याच्यावर आहे तो कल्पित आहे, भावना कल्पित नाही.

‘राग’ या शब्दाचं मराठीत काय झालं, तेही सांगायलाच हवं. मुळात तो रंग. त्याच विश्वनाथाने पूर्वरागाचे तीन प्रकार रंगांवरून केले आहेत : नीळ बाहेर फारशी शोभत नाही पण मनातून जात नाही, करडईच्या फुलांचा रंग शोभतो पण निघून जातो, आणि मंजिष्ठाचा शोभतोही व टिकतोही. मराठीत ‘राग’ म्हणजे संताप झाला आणि प्रेमाचा अर्थ ‘अनुरागा’त जाऊन राहिला. उलट संस्कृतातला ‘लोभ’, म्हणजे हाव, आपण ‘लोभ असावा’ म्हणून पत्राच्या शेवटी आणला आणि माया केला. त्या तीन रंगांत तुमचं चार वर्षांचं प्रेम निळीचं दिसतं.

नाम हवंच असेल तर ‘मानस’ या शब्दाकडे वळावं. मानसपूजेत हळद-कुंकू, फुलं, नैवेद्य काहीच नसतं, तरी तिला कुणी खोटी पूजा म्हणत नाही. मनातल्या मनात केलेली, एवढाच त्याचा अर्थ. तसा ‘मानससखा’ किंवा ‘मानससखी’ म्हणता येईल. अडचण एवढीच की ‘मानसकन्या’ हा शब्द आपण मुलगी मानलेल्या जित्याजागत्या व्यक्तीलाही वापरतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा घोळ होऊ शकतो. बोलताना मी तो वापरणार नाही, लिहिताना वापरेन.

आता ओढ की आस. जपानी भाषेत आवडत्या कलाकाराला किंवा पात्राला ‘ओशी’ म्हणतात. त्याच्या मुळाशी पुढे ढकलण्याची, शिफारस करण्याची क्रिया आहे. चाहता मागून लोटतो. मराठीत बरोबर उलटं, समोरचा आपल्याला ओढतो. नदीत उतरताना ‘पाण्याला ओढ आहे’ असं सांगतात ना, तीच ही. पण ओढ बहुतेकदा ओळखीच्या गोष्टीची असते : घराची, गावाची, माहेराची. आस न आलेल्या गोष्टीची असते. तुकोबांच्या ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ या अभंगात दिवाळीच्या मुळाची वाट पाहणारी लेक ‘आसावली’ आहे. मूळ म्हणजे तिला न्यायला येणारा माणूस. ओढ माहेराची आणि आस मुळाची, असा मला त्यात फरक दिसतो. तुम्हाला तुमच्या नायकाची ओढ आहे, त्याचं बोलणं, चालणं, रुसणं तुम्हाला पाठ आहे. जो अजून आलेलाच नाही, त्याची आस.

आणि ‘खऱ्या प्रेमाची’ असं लिहू नका, अशी माझी विनंती आहे. मराठीत खऱ्याच्या विरुद्ध खोटं लगेच उभं राहतं, आणि तुमची चार वर्षं विनाकारण खोटी ठरतात. ‘प्रत्यक्षातल्या प्रेमाची’ म्हणा.

या दोन्ही भावना एकाच मनात असणं आपल्याकडे नवं नाही. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलं नव्हतं, घरी येणाऱ्यांकडून त्याचं वर्णन ऐकून तिने मनाशी ठरवलं, आणि भागवतातल्या तिच्या पत्राची सुरुवातच तुझे गुण ऐकून अशी आहे. एकनाथांनी ही कथा ‘रुक्मिणीस्वयंवर’ म्हणून १५७१ साली वाराणसीत ओव्यांत आणली. लग्न जुळावं म्हणून मुलींनी तिचं पारायण करायची रीत आजही आहे. पारायण करणारी मुलगी कथेतल्या प्रेमात रमते ती कथेतच राहण्यासाठी नाही. तिला स्वतःचं कुणीतरी यायला हवं असतं, आणि त्या येण्याची वाट ती दुसरीच्या गोष्टीतून पाहते.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘पुस्तकातल्या एका माणसावर माझा जीव जडला आहे, आणि प्रत्यक्षात कुणाशी मन जुळावं अशी आसही आहे.’ मधलं ‘आणि’ तसंच ठेवा, तिथे ‘पण’ घालू नका.