मुंबईत हॉटेल ठरवताना ऑनलाइन रिव्ह्यूंवर किती विश्वास ठेवावा?

स्वच्छता, पाणी, आवाज याबाबत बऱ्यापैकी ठेवा. नुसते स्टार बघून मात्र बुकिंग करू नका. गूगलवर तिथे न राहिलेला माणूसही रिव्ह्यू टाकू शकतो. बुकिंग डॉट कॉमवर तिथून बुकिंग केलेल्यालाच लिहिता येतं, म्हणून दोन्हीकडे बघा. 'सर्वात नवीन' लावून दोन-तीन स्टारवाले आधी वाचा. कामाची माहिती तिथेच सापडते: खिडकी रुळांच्या बाजूला, सकाळी नळाला बारीक धार, गादीला कुबट वास. जून ते सप्टेंबरमधले तर शोधून वाचाच, भिंतीची ओल पावसाळ्यातच कळते. एकाच आठवड्यात लागोपाठ आलेले 'बेस्ट स्टाफ' छाप पाच स्टार सोडून द्या. फोटो पाहुण्यांनी टाकलेले बघा. जेवणाच्या चवीबाबत मात्र जपून; मालवणी थाळी 'फार तिखट' म्हणूनही लोक एक स्टार देतात.